शिक्का गेला, मुक्काम नाही

ताई, नमस्कार.
मी मूळचा मिरजेचा. गेली साडेचार वर्षं न्यू जर्सीत एच-वन या कामाच्या व्हिसावर नोकरी करतोय. अकरा दिवसांपूर्वी ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेलो होतो, म्हणून पासपोर्ट आणि बाकीची कागदपत्रं एका निळ्या फोल्डरमध्ये घातली. येताना फोल्डर टॅक्सीत राहिलं. ड्रायव्हरने पहिल्या दिवशी फोन उचलला, ‘बघतो’ म्हणाला. आता उचलतच नाही. पासपोर्टमध्ये सप्टेंबर २०२७पर्यंतचा व्हिसाचा शिक्का होता, गेल्या वर्षीच्या सुरुवातीला मुंबईत ड्रॉपबॉक्सने, म्हणजे मुलाखतीशिवाय, मिळालेला. तीन महिन्यांवर धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मित्र म्हणतात, पोलिसांत जाऊ नकोस, नसती नोंद होईल. एक जण म्हणतो, कॅनडाला जाऊन शिक्का मारून ये. व्हिसाच्या पानाचा रंगीत फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तो दाखवून चालेल का? मी आता इथे बेकायदा आहे का, हाच विचार रात्री डोक्यात असतो. ऑफिसात सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, आईबाबांना नाही. त्यांनी लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव ‘आपले विनीत’मध्ये छापूनसुद्धा घेतलंय.
– झोप उडालेला, न्यू जर्सी

नमस्कार.

रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुम्ही बेकायदा नाही. अकरा दिवसांपूर्वी जितके कायदेशीर होता तितकेच आजही आहात.

मी बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत परदेशी जाणाऱ्या मंडळींची कागदपत्रं बघण्याचं काम केलं. त्या काळात सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट हीच. पासपोर्टमधला शिक्का ही दाराची किल्ली. दारातून आत आल्यावर किती दिवस राहायचं हे किल्ली ठरवत नाही, आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, ठरवतो. विमानतळावर अधिकाऱ्याने तुम्हाला आत घेतलं तेव्हा ही नोंद झाली. विमानाने येणाऱ्यांचा आय-९४ २०१३पासून कागदावर नसतोच, सरकारच्या संगणकात असतो. तो टॅक्सीत राहू शकत नाही. शिवाय तुमची एच-वनची मंजुरी, म्हणजे आय-७९७, कंपनीच्या वकिलाकडेही आहे. किल्ली हरवली म्हणून तुम्ही स्वतःच्या घरात घुसखोर ठरत नाही. प्रश्न येतो तो बाहेर पडून परत आत यायचं असतं तेव्हा.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावर जा आणि आय-९४ काढा. तिथे पासपोर्ट क्रमांक विचारतात तो हरवलेल्या पासपोर्टचाच टाकायचा, कारण तुम्ही त्याच्यावर आत आलात. पुढे नवा पासपोर्ट मिळाला तरी ही नोंद जुन्या क्रमांकानेच सापडेल, इथे पुष्कळ जण गोंधळतात. पान छापून एक प्रत पाकिटात ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा अमेरिकेत जुना कायदा आहे आणि एप्रिल २०२५पासून सरकारने त्याची पुन्हा आठवण करून द्यायला सुरुवात केली आहे. पासपोर्ट हातात नसताना हा एक कागद तुमच्या फार कामाचा. त्यावरची शेवटची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. झोप येईल.

आता पोलिसांचं. ‘नसती नोंद होईल’ म्हणणाऱ्या मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि उद्या सकाळी पोलिसांकडे जा. वस्तू हरवल्याची तक्रार हा गुन्हा नव्हे, तुमच्या नावावर काही चिकटत नाही. उलट हा कागद नसेल तर पुढची एकही पायरी चढता येत नाही. भारतीय वकिलात तो मागते, अमेरिकी वकिलातीला तो दाखवावा लागतो, आणि उद्या कुणी तुमच्या पासपोर्टवर काही उद्योग केले तर ‘मी अमुक तारखेला कळवलं होतं’ हे सांगायला तुमच्याकडे तेवढंच असतं. तक्रारीत जे झालं तेच लिहा. टॅक्सीत राहिला तर टॅक्सीत राहिला. ‘चोरी झाली म्हणालास तर काम लवकर होतं’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच, त्याचं ऐकू नका. ही हकीकत तुम्हाला पुढे तीनचार ठिकाणी लिहायची आहे आणि चारही ठिकाणी ती एकच असायला हवी. तक्रारीचा क्रमांक आणि प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

त्याच दिवशी दोन मेल करायचे. एक ऑफिसात एचआर आणि इमिग्रेशनच्या वकिलाला. घाबरू नका, त्यांच्या दृष्टीने ही नित्याची बाब आहे. तुमच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या स्वच्छ प्रती बहुतेक त्यांच्या फायलीत निघतील. तुमचा फोनमधला फोटो कोपऱ्यात कापलेला निघाला तर त्याच उपयोगी पडतात. व्हिसाच्या पानावर उजवीकडे खाली लाल अक्षरांत जो क्रमांक असतो तो नीट वाचता येतोय ना, एवढं बघा. पुढे फॉर्ममध्ये तो विचारतात.

दुसरा मेल ज्या वकिलातीने शिक्का दिला तिला, म्हणजे मुंबईच्या अमेरिकी वकिलातीला. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा हरवला आहे की चोरीला गेला आहे, कुठे आणि कधी, आणि सोबत पोलीस तक्रारीची व जुन्या पानांची प्रत. मात्र हा मेल पाठवण्याआधी एक समजून घ्या. तो गेला की व्हिसा रद्द होतो, आणि नंतर पासपोर्ट सापडला तरी तो पुन्हा जिवंत होत नाही. बरेच जण याच पायरीवर थबकतात. ‘ड्रायव्हर आणून देईल, दोन दिवस थांबू.’ पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, टॅक्सी कंपनीच्या हरवलं-सापडलंमध्ये तक्रार करा, ड्रायव्हरला गाठा, संध्याकाळपर्यंत जीव तोडून शोधा. आज अकरावा दिवस आहे. जो माणूस फोन उचलत नाही त्याच्या भरवशावर तुमचं नाव, फोटो आणि चालू व्हिसा असलेलं पुस्तक बाहेर फिरू देणं मला पटत नाही. मेल पाठवा आणि ते निळं फोल्डर मनातून काढून टाका.

फोटो दाखवून चालेल का? नाही. विमान कंपनी अमेरिकेच्या विमानात बसवताना खरा शिक्का हातात घेऊन बघते. वैध कागदांशिवाय प्रवासी नेला तर दंड तिलाच बसतो. फोटोचा उपयोग फॉर्म भरण्यापुरता.

कॅनडाच्या सल्ल्यावर जरा थांबते, कारण तो देणारा मित्र खोटं बोलत नाहीये, जुनं बोलतोय. कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन स्टॅम्पिंग करून येणं ही एके काळी आपल्या मंडळींची रुळलेली वाट होती. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कळवलं की बिगर-स्थलांतरित व्हिसाचा अर्ज माणसाने आपल्या नागरिकत्वाच्या देशात किंवा ज्या देशात तो राहतो तिथेच करावा. तुम्ही राहता अमेरिकेत, आणि अमेरिकेत हा शिक्का मिळत नाही. उरला भारत. शिवाय कॅनडात शिरायला तुम्हाला कॅनडाचा व्हिसा लागेल तो वेगळाच.

मित्राच्या डोक्यात कदाचित दुसरी एक सोय असेल. शिक्क्याची मुदत संपलेली असली तरी आय-९४ चालू असेल तर कॅनडा-मेक्सिकोची तीस दिवसांच्या आतली फेरी मारून परत येता येतं, असा नियम आहे. पण त्यात मुदत संपलेला का होईना, शिक्का हातात असावा लागतो. तुमच्या हातात काहीच नाही. आणि त्या फेरीत तुम्ही नव्या व्हिसाचा अर्ज केलात की ती सोय तिथेच संपते, मग तो मिळेपर्यंत तुम्ही पलीकडेच. या वाटेला जाऊ नका.

‘मग इथेच बसून का देत नाहीत शिक्का?’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. पूर्वी देत असत. जुलै २००४मध्ये ते बंद झालं, कारण व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ते घेण्याची सोय वकिलातींमध्ये होती. जानेवारी २०२४च्या अखेरीस अमेरिकेतच एच-वनचा शिक्का नव्याने देण्याचा एक प्रयोग झाला, कमाल वीस हजार अर्जांचा, सुमारे महिनाभर. तो संपला. त्याच्या आशेवर कुणी गटात काही टाकलं तर तारीख बघा, २०२४ची असेल.

तेव्हा आधी भारतीय पासपोर्ट, मग बाकी सगळं. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीच्या अखत्यारीत येतं. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर परदेशातल्या अर्जदारांसाठी वेगळं दालन आहे, तिथे अर्ज भरून छापायचा आणि वकिलातीसाठी अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीमार्फत द्यायचा. अर्जाचा प्रकार ‘री-इश्यू’, कारण ‘हरवला’. पुष्कळ जण भीतीपोटी ‘मुदत संपत आली’ असलं काहीतरी निवडतात आणि जुना पासपोर्ट सोबत जोडता येत नाही म्हणून अर्ज परत येतो. पोलीस तक्रार लागेल, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत लागेल, राहत्या पत्त्याचा आणि इथल्या स्टेटसचा पुरावा लागेल. आणि परिशिष्ट एफ नावाचं प्रतिज्ञापत्र, ज्यात पासपोर्ट कसा, कुठे, कधी हरवला हे लिहायचं असतं. हीच ती दुसरी जागा जिथे हकीकत तक्रारीशी जुळायला हवी. नोटरीचा शिक्का कुठे लागतो आणि फोटोचा आकार काय, हे अर्ज करायच्या दिवशी व्हीएफएसच्या यादीतून ताडून घ्या. या याद्या बदलतात, आणि सगळ्यात जास्त अर्ज फोटोपायी परत येतात.

हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यातला पासपोर्ट साध्या नूतनीकरणापेक्षा सावकाश येतो, हे गृहीत धरा. आल्यावर शेवटचं पान बघा. तिथे जुन्या पासपोर्टचा क्रमांक आणि तो कुठे, कधी निघाला हे छापलेलं असतं. चुकलेलं असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, कारण जुन्या आय-९४शी तुमचं नातं जोडणारा तोच दुवा. आणि नवा पासपोर्ट काढायला टंगळमंगळ नको. प्रवास करायचा नसला तरी वैध पासपोर्ट असणं हा तुमच्या इथे राहण्याच्या अटींचाच भाग आहे.

इथे एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या कंपनीतला एक मुलगा तुमच्यासारखाच अमेरिकेत होता. आठवड्याच्या सुट्टीला युरोपात गेला आणि तिथे त्याची बॅग गेली, पासपोर्टासकट. भारतीय दूतावासाने मदत केली, इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. पण त्या कागदावर माणूस फक्त भारतात येऊ शकतो, अमेरिकेत नाही. परतीचं तिकीट फाडून तो मुंबईला उतरला. त्याची गाडी तिकडे विमानतळाच्या पार्किंगमध्ये, दिवसाचं भाडं चढतंय. फ्रीजमध्ये दूध. घराची किल्ली मात्र खिशात. भारतात नवा पासपोर्ट, मग शिक्का, मग परत. तो फोनवर मला दर दोन दिवसांनी विचारायचा, ‘मॅडम, गाडी टो करतील का हो?’ तुमचा पासपोर्ट घराच्या अंगणात हरवला आहे असं समजा. नोकरी चालू आहे, पगार चालू आहे, गाडी दारात आहे.

आता मूळ दुखणं, लग्न.

शिक्का ‘रिन्यू’ होत नसतो, दर वेळी नवाच अर्ज असतो. आणि तुम्ही ज्या ड्रॉपबॉक्सने गेल्या वर्षी सुटलात तो २ सप्टेंबर २०२५पासून एच-वनला बंद आहे. पासपोर्ट हरवला असो वा नसो, मुलाखत द्यावीच लागते. डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा, २०५ डॉलर भरायचे, एक दिवस बोटांच्या ठशांचा, एक दिवस मुलाखतीचा. त्यात १५ डिसेंबर २०२५पासून एच-वन आणि एच-फोरच्या (एच-वनवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसाच्या) अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली. खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. त्या एका बदलाने भारतातल्या मुलाखतींचं वेळापत्रक कोसळलं. डिसेंबरात लोक तिकिटं काढून, रजा घेऊन भारतात पोचले होते आणि त्यांच्या तारखा थेट मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे गेल्या. दोन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसं महिनोन्‌महिने आईवडिलांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसली.

तुमच्यापुढचं चित्र हे आहे. पासपोर्ट यायला काही आठवडे. त्याचा क्रमांक हाती आल्याशिवाय डीएस-१६० नीट भरता येत नाही. तो भरल्याशिवाय तारीख घेता येत नाही. तीन महिन्यांत हे सगळं जुळून लग्नाच्या आठवड्यात मुलाखत मिळेल, या भरवशावर तिकीट काढू नका. तारीख आधी, तिकीट नंतर. आणि घेतलेली तारीख फुकटात एकदाच बदलता येते, हा भारतातल्या अमेरिकी वकिलातींचा २०२५पासूनचा नियम आहे. चुकवलीत तर पुन्हा पैसे भरून रांगेच्या शेवटी. म्हणून ‘आत्ता मिळतेय ती घेऊन ठेवू, मग बघू’ हेही करू नका.

‘मग जाऊच नको का?’ माझं मत विचाराल तर हे मी ठरवण्याआधी तुमच्या कंपनीने ठरवायचं आहे. मॅनेजरला आणि एचआरला लेखी विचारा: मी भारतात चार महिने अडकलो तर तिथून काम करू द्याल का, पगार कसा द्याल, की बिनपगारी रजा, की नोकरीच जाईल? तोंडी ‘काळजी करू नकोस, बघू’ हे उत्तर धरू नका. काही कंपन्या कर आणि डेटाच्या नियमांपायी भारतातून काम करू देत नाहीत, आणि हे माणसाला कळतं ते अडकल्यावर. लेखी होकार असेल आणि मुलाखतीची खरी तारीख हातात असेल तर जा, आणि चार महिन्यांचं सामान भरून जा. एवढं एक बरं की बाहेर काढलेले दिवस तुमच्या एच-वनच्या कमाल सहा वर्षांतून वजा करून मागता येतात, ते फुकट जात नाहीत. लेखी होकार नसेल तर या लग्नाला जाऊ नका. वाईट वाटतं हे लिहायला. पण बहिणीच्या लग्नाला गेलेल्या भावाची नोकरी गेली, ही गोष्ट त्या बहिणीलाही जन्मभर पुरते.

एच-वनच्या त्या एक लाख डॉलर शुल्काचं काय, असा प्रश्न तुमच्या गटात नक्की फिरत असेल. सप्टेंबर २०२५च्या घोषणेतली ती रक्कम २१ सप्टेंबरपासून पुढे दाखल झालेल्या नव्या पिटिशनांसाठी, म्हणजे कंपनीने एच-वनसाठी केलेल्या अर्जांसाठी, आहे. तुमची मंजुरी त्याआधीची आहे. हरवलेल्या शिक्क्याच्या जागी नवा मागणाऱ्याला ती लागत नाही.

बायकोचा पासपोर्ट घरात आहे ना? तिच्याही एच-फोरच्या शिक्क्याची मुदत तुमच्यासारखीच सप्टेंबर २०२७ असेल तर ती लग्नाला जाऊन परत येऊ शकते. तुम्ही इथे एच-वनवर काम करत आहात तोवर तिचा शिक्का चालतो. तुमच्या आय-७९७ची आणि अलीकडच्या पगारपत्रकांची प्रत तिच्या हँडबॅगेत द्या, आणि निघण्यापूर्वी वकिलाला एकदा विचारून घ्या. वहिनी आली तर मांडवात निदान अर्धं घर तरी पोचलं.

तुम्ही जायचं ठरवलंत तर तिकिटाबाबत एक बारकी गोष्ट. आतापर्यंत लंडनमार्गे प्रवास करताना कुणी काही विचारलं नसेल, कारण पासपोर्टमधल्या चालू अमेरिकी व्हिसामुळे भारतीयांना तिथे विमान बदलण्यासाठीच्या ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. आता तो शिक्का नाही. नव्या कोऱ्या पासपोर्टवर चेक-इनच्या काउंटरवरच अडवतील. थेट विमान घ्या, नाहीतर दुबई-दोहामार्गे या.

मुलाखतीविषयी फार लिहीत नाही, तुम्ही ती पूर्वी दिलेली आहे. डीएस-१६०मध्ये मात्र दोन प्रश्न आहेत जे आजवर तुम्ही डोळे झाकून ‘नाही’ केलेत. पासपोर्ट कधी हरवला किंवा चोरीला गेला आहे का, आणि अमेरिकेचा व्हिसा कधी हरवला आहे का. दोन्हींना ‘हो’. जुना अर्ज कॉपी करून पुढे जाण्याची सवय इथेच नडते, कारण जुन्या अर्जात ‘नाही’ आहे. हरवल्याबद्दल कुणी व्हिसा नाकारत नाही, पण तुम्ही स्वतः मेल करून कळवलेली गोष्ट फॉर्ममध्ये नाकारलीत तर अधिकाऱ्यासमोर ती खोटी माहिती ठरू शकते, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका अमेरिकी कायद्यात कायमची दारं लावतो. खुलाशाच्या चौकटीत दोन वाक्यं पुरे: अमुक तारखेला टॅक्सीत राहिला, अमुक पोलीस ठाण्यात अमुक क्रमांकाची तक्रार केली. मुलाखतीतही तेवढंच. निळ्या फोल्डरचं दुःख अधिकाऱ्याला सांगायचं नाही. मुलाखतीनंतर २२१(जी)ची चिठ्ठी हातात पडली तर तो अंतिम नकार समजू नका. आणखी कागद किंवा आणखी तपासणी बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. वेळ मात्र त्यात जातो, तोही त्या चार महिन्यांच्या हिशेबात धरा.

समजा सहा महिन्यांनी तो ड्रायव्हर फोल्डर घेऊन दारात आला, तर? त्याचे आभार माना, कागद घ्या आणि पासपोर्ट भारतीय वकिलातीला कळवून रद्द करून घ्या. शिक्का अजून सप्टेंबर २०२७पर्यंतचा दिसेल, छान चकचकीत. त्यावर प्रवास करायचा मोह धरू नका. तो कागदावर आहे, संगणकात नाही.

राहिले आईबाबा. त्यांना आत्ता कशाला काळजीत टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही अर्जात भारतातला पत्ता कुठला देणार? मिरजेचाच ना? परदेशातून निघालेल्या पासपोर्टची पोलीस पडताळणी काही वेळा भारतातल्या पत्त्यावर येते. म्हणजे एखाद्या सकाळी लग्नाच्या घरात, हळदी-कुंकवाच्या याद्या चाललेल्या असताना, दारात हवालदार उभा राहणार आणि तुमच्या वडिलांना विचारणार, ‘तुमच्या मुलाचा पासपोर्ट हरवलाय, तो कुठे असतो?’ त्या दिवशी आईच्या काळजाचं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा अर्ज टाकायच्या आधी फोन करा. तुमची शनिवारची रात्र म्हणजे तिकडची रविवारची सकाळ, दोघं निवांत असतात. आधी ‘मी ठीक आहे, नोकरी ठीक आहे’ एवढं सांगा, मग पासपोर्टचं, मग लग्नाचं. बहिणीला वेगळा फोन करा. तिला आईकडून कळू देऊ नका.

आणि बाबांना म्हणावं, हवालदार शेजारच्या दोघांची नावं आणि सह्या मागेल, ओळखीतल्या दोघांना आधीच सांगून ठेवा. तुमच्या जन्माच्या दाखल्याची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची एक-एक प्रतही काढून ठेवायला सांगा. लग्नाच्या घरात ऐन वेळी कपाट उघडायला कुणाला सवड नसते.